ताण मोजणारं घड्याळ: डिमेन्शियाचं माणूस सांभाळणाऱ्यांनी घ्यावं का?

पाचपैकी दोन स्टार. एम. जी. रोडवरून साडेतीन हजाराला घेतलं. हिरव्या प्रकाशाने नाडी बघायची आणि ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्यावरून ताणाचा आकडा काढायचा, अशी त्याची पद्धत.

सासूबाईंना डिमेन्शिया आहे. दिवेलागणीला पिशवीत साडी कोंबून दाराशी उभ्या राहतात. "चल गं, पंचवटीत जायचंय, बाबा वाट बघतायत." बाबांना जाऊन कैक वर्षं झाली. कडी लावायची, चहाचं निमित्त काढायचं, हाताला धरून परत बसवायचं, की पुन्हा दार. या सगळ्याची घड्याळात नोंदच नाही, कारण हात हलत असला की मोजणी थांबते. त्या झोपल्यावर मी सुन्न होऊन सोफ्यावर बसते, तेव्हा स्क्रीन म्हणते, "ताण कमी". सकाळी कडक चहा प्यायले की "ताण जास्त"!

त्यापेक्षा डॉक्टरांनी दिलेल्या झॅरिट प्रश्नावलीने (आजारी माणूस सांभाळणाऱ्यावर किती भार पडतोय ते मोजणारी) मला जास्त ओळखलं. 22 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 4 गुण, जास्तीत जास्त 88. या माणसाजवळ असताना राग येतो का, हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मात्र ती एकटीने भरा. नवरा शेजारी बसला की उत्तरं बदलतात.

हा प्रश्न फक्त माझ्या घरचा नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ज्येष्ठांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आहे. सांभाळायला तिथेही बहुतेक घरच्या बायकाच. तिथल्या संशोधक शेरिल वुड्स-जिस्कोम्बे यांनी 2010 मध्ये आफ्रिकन-अमेरिकन बायकांशी बोलून मांडलं, की खंबीर दिसायचं, भावना दाबायच्या, आपली गरज मागे ठेवून दुसऱ्यांचं करायचं, हे त्यांना कर्तव्यच वाटतं. वर्णभेदाने होणारी त्यांची झीज वेगळी, तिची बरोबरी मी करणार नाही. पण "मला काही होत नाही" म्हणणाऱ्या बाईचा ताण मोजायचा कसा, हा प्रश्न आमच्या इंदिरानगरातही आहेच.

दोन स्टार दिले ते झोपेच्या नोंदीसाठी. रात्री कितीदा उठले ते ग्राफमध्ये स्पष्ट दिसतं. तोच ग्राफ नणंदबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवला. आता शनिवारी रात्री त्या येऊन आईंजवळ झोपतात. तेवढंच हवं असेल तर झोप नोंदवणारा स्वस्तातला फिटनेस बँडही चालेल, फक्त चार्जिंग दिवसा करा.