शब्दाला दर ठरला होता, शब्द मोजणारे ते होते

घरून कंटेंट रायटिंग करणाऱ्यांना पैसे बुडवणारे क्लायंट नवे नाहीत. काम घेऊन गायब होणारा भामटा निदान ओळखू तरी येतो. मला भेटलेले लोक, म्हणजे क्लायंटच्या वेबसाइटसाठी लेख लिहून घेणारी एक एजन्सी, मात्र वेळच्या वेळी पैसे पाठवत होते, मेलला उत्तर देत होते, प्रत्येक लेखानंतर 'थँक यू मॅडम' म्हणत होते आणि ठरल्यापेक्षा निम्म्याहून कमी मोबदल्यात लिहून घेत होते. नाव लिहीत नाही. ते त्यांनी आतापर्यंत बदललंही असेल. पद्धत ओळखता आली म्हणजे पुरे.

सुरुवात सॅम्पलपासून झाली. माझे प्रकाशित लेख पाहूनही एजन्सीच्या मॅनेजरला 'फक्त एक छोटा सॅम्पल' हवा होता. छोटा म्हणजे 800 शब्द. विषय त्यांचा, कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर शोधतात ते शब्द, त्यांचे, उपशीर्षकंसुद्धा त्यांनीच आखून दिलेली. निवड झाली तर पैसे पहिल्या बिलात धरू, असं सांगितलं. पुढे कधीतरी त्या लेखातलं एक अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधलं, तर लेख त्यांच्या क्लायंटच्या साइटवर झळकत होता. त्याच साइटवर त्याच विषयाचं पुढचं पान होतं आणि ते लिहिणारी बाई मला नंतर भेटली. तिलाही सॅम्पलच सांगितला होता. 'निवड झाली नाही' असा मेल येऊन तिचा विषय संपला होता. प्रत्येक उमेदवाराला वेगळं पान वाटून द्यायचं आणि साइट फुकटात भरून घ्यायची, असा तो सगळा मामला. खरी परीक्षा घेणारा माणूस सगळ्यांना एकच विषय देतो, कारण त्याला तुलना करायची असते. तुम्हाला एकटीला नेमका, कीवर्डसकट विषय मिळाला असेल तर ते काम आहे, त्याचे पैसे आधी ठरवा.

मग दराची बोलणी. मी माझा शब्दामागचा दर सांगितला. उत्तर ठरलेलं: 'मॅडम, काम भरपूर आहे, रेट जरा ॲडजस्ट करा.' घाऊक मालाचं गणित लिखाणाला लागू पडत नाही, हे या लोकांना चांगलं माहीत असतं. दहावा लेख पहिल्यापेक्षा स्वस्तात लिहून होत नाही, त्याचा अभ्यास नव्यानेच करावा लागतो. शिवाय सूट पहिल्या लेखापासून घेतात आणि ते भरपूर काम नेहमी पुढच्या महिन्यात असतं. आता कुणी असं म्हटलं की मी उलटं सांगते: आधी पूर्ण दर, आणि ठरलेलं काम खरंच आलं तर महिन्याच्या शेवटच्या बिलात सूट. त्यानंतर फारसं कुणी बोलत नाही.

खरी कलाकारी मोजणीत होती. लेख 1500 शब्दांचा ठरला. त्याबरोबर मेटा डिस्क्रिप्शन (गूगलच्या यादीत शीर्षकाखाली दिसणारा छोटा सारांश), चित्रांखालच्या ओळी, शेवटी प्रश्नोत्तरं, असं सगळं मिळून मी 1800 शब्द लिहून देत असे. बिल करताना कळलं की शीर्षकं, मेटा आणि चित्रओळी मोजायच्या नाहीत आणि मोजायचे ते 'प्रकाशित झालेले' शब्द. त्यांचा संपादक छाटून लेख 1200 वर आणायचा. छाटणी चांगली असे का, तर नसे. पण एक तृतीयांश काम त्या क्षणी फुकट झालेलं असे. लिहून दिलेले शब्द माझ्या हातात असतात, प्रकाशित झालेले त्यांच्या. दर त्यांच्या हातातल्या आकड्यावर बांधला की तो कितीही चांगला दिसो, तो दर नव्हे.

भाषांतर करणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. इंग्रजी मजकूर मराठीत आणला की शब्द कमी भरतात, कारण आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटून येतात. दर मूळ मजकुराच्या शब्दांवर आहे की मराठी शब्दांवर, हे आधी न लिहिणारा क्लायंट नंतर हमखास मराठी शब्द मोजतो.

पुढचा डाव एआय डिटेक्टरचा, म्हणजे मजकूर माणसाने लिहिला की एआयने हे ओळखल्याचा दावा करणाऱ्या टूलचा. लेख दिला की दोन दिवसांनी एक स्क्रीनशॉट यायचा, 'इतके टक्के एआय', आणि म्हणून वीस टक्के कपात. कुठलं टूल, ते कधी सांगायचे नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी 2023 मध्ये असं एक टूल आणलं होतं. एआयने लिहिलेल्यापैकी फक्त 26 टक्के मजकूर ते बरोबर ओळखतं आणि माणसाने लिहिलेला 9 टक्के मजकूर एआयचा ठरवतं, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. अचूकता कमी म्हणून जुलैत ते बंदही केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध सात डिटेक्टरांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरले. इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. हे सगळं मी मॅनेजरला लिंकसकट पाठवलं. उत्तर आलं, 'मॅडम, क्लायंटची पॉलिसी आहे.' मी गूगल डॉक्समध्ये लिहिते, तिथली आवृत्तींची नोंद म्हणजे वाक्य कसं लिहिलं, खोडलं, बदललं याचा वेळेसकट पुरावा. तो पाहायची तयारी त्यांनी एकदाही दाखवली नाही. कपात हवी होती, पुरावा नको होता.

हिशेब मांडला तेव्हा चित्र स्वच्छ झालं. अपेक्षा होती 1500 शब्दांचे पैसे, सहा तासांच्या कामाला. म्हणजे तासाला 250 शब्दांचं मोल. प्रत्यक्षात 1200 शब्द धरले, त्यातून वीस टक्के गेले, राहिले 960. आणि तास लागले दहा, कारण 'छोटेसे बदल' तीन-तीन वेळा यायचे आणि तिसऱ्यांदा आलेले बदल पहिल्यांदा सुचवलेल्याच्या उलट असायचे. तासाला 96 शब्द. ठरलेल्या दराचे चाळीस टक्केही नाहीत. एकही पैसा 'बुडवलेला' नाही, बघा.

कुणी म्हणेल, लेखी करार करायचा होता. केला होता. त्यात दर होता, मुदत होती, सह्या होत्या. एक ओळ अशीही होती की काम 'मार्गदर्शक सूचनांनुसार' मोजलं जाईल आणि त्या सूचना एका शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये होत्या. सही करताना मी त्या वाचल्या होत्या, त्यात प्रकाशित शब्दांचा किंवा कपातीचा उल्लेख नव्हता. नंतर आला. नुसती वाचायची परवानगी असलेल्याला गूगल डॉक्समधल्या जुन्या आवृत्त्या दिसत नाहीत, त्यामुळे कलम कधी घुसवलं हे दाखवायची सोय नाही. करारात कुठल्याही लिंकचा उल्लेख असेल तर सहीच्या दिवशी ते पान पीडीएफ करून करारासोबत मेलने त्यांनाच पाठवा. आमचं बोलणंही स्लॅक या ऑफिसच्या निरोपांच्या ॲपवर, त्यांनी दिलेल्या खात्यातून चालायचं. मी हिशेब मागितला त्या संध्याकाळी माझं खातं बंद झालं आणि सगळे निरोप तिकडेच राहिले.

हिशेब मागितल्यानंतर अडकलेल्या बिलासाठी मेल, स्मरणपत्रं, 'अकाउंट्सशी बोलते' वगैरे नेहमीचं सगळं झालं, ते सांगण्यात अर्थ नाही. उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे बहुतेक देशांत लिखाणाचा कॉपीराइट नोंदणीशिवाय, लिहिल्याबरोबर निर्माण होतो. माझ्या करारात तो पूर्ण पैसे मिळाल्यावरच हस्तांतरित होणार होता. ही एक ओळ मी आग्रहाने घालून घेतली होती आणि तीच कामी आली. लेखांची पानं आधी वेबॅक मशीन या वेबपानांच्या तारखेसकट प्रती जपणाऱ्या साइटवर साठवली, म्हणजे ती उद्या बदलली तरी पुरावा राहतो. मग साइट कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवली आहे ते शोधून त्या कंपनीला डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याखाली लेख उतरवण्याची नोटीस पाठवली, गूगलचाही तक्रारीचा फॉर्म भरला. एजन्सीने महिनोन्महिने दिलं नसतं असं उत्तर त्यांच्या क्लायंटने ताबडतोब दिलं. त्या बिचाऱ्याने एजन्सीला पूर्ण शब्दांचे पैसे मोजले होते! काही लेखांचे पैसे त्याने थेट मला दिले. बाकीचे लेख उतरवले गेले. सॅम्पलचं पान अजून तिथेच आहे, त्यावर तक्रार चालू आहे.

आता मी दर तासावरून काढते आणि सांगते मात्र लेखावर. महिन्याला लागणारी रक्कम, त्यात आजारपण, रिकामे आठवडे, वीज, इंटरनेट, कर धरून; भागिले जे तास खरंच लिहिण्यात जातात ते. दिवसाचे आठ तास धरू नका, मेल, बोलणी, बिलं यात निम्मे जातात. त्या दराने लेखाला लागणारे तास गुणले की किंमत आली. त्या किमतीत काय येतं तेही लिहिते: अमुक शब्द, मी दिलेल्या फाइलमध्ये मोजलेले; बदलाच्या दोन फेऱ्या, पुढची प्रत्येक फेरी तासाच्या दराने; निम्मे पैसे आधी; काम मध्येच रद्द झालं तर झालेल्या भागाचे पैसे. उरलेले पैसे लेख दिल्यावर, 'प्रकाशित झाल्यावर' नाही, कारण तो लेख वर्षभर पडून राहिला तर माझा काय संबंध?

ते लोक अजून माणसं शोधत आहेत. जाहिरातीत 'आकर्षक शब्ददर' असतो पण आकडा नसतो, 'दीर्घकालीन काम' असतं, 'गृहिणी आणि विद्यार्थ्यांना प्राधान्य' असतं आणि शेवटी सॅम्पलचा विषय जाहिरातीत न देता वैयक्तिक मेसेजवर कळवला जातो. तसा मेसेज आला तर एवढंच विचारून पाहा की हाच विषय बाकीच्या उमेदवारांनाही दिला आहे का.