दोन आरोग्यदूत की सगळेच वर्गशिक्षक?

मुलांच्या मानसिक आरोग्याकडे लक्ष द्यायला शाळेतल्या कोणत्या शिक्षकांना शिकवायचं? एक पर्याय सरकारी योजनेतला. 2020 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांतले दोन-दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, आरोग्यदूत म्हणून तयार करायचे असतात. 11 विषयांत मानसिक आरोग्यही येतं. प्रशिक्षणाला दोघांनाच पाठवायचं, त्यामुळे तास फारसे बुडत नाहीत. पण झेडपीच्या शाळेत बदली झाली की शिकलेलं सगळं त्यांच्याबरोबर जातं.

दुसरा पर्याय प्रत्येक वर्गशिक्षकाला थोडं थोडं शिकवण्याचा. हजेरी तेच घेतात. पहिल्या बाकावरची मुलगी अचानक मागे जाऊन बसू लागली, मधल्या सुट्टीत डबा न उघडताच दप्तरात ठेवू लागली, हे त्यांनाच दिसतं. तिला सगळ्यांसमोर 'काय झालं गं?' विचारायचं नाही, शाळा सुटल्यावर बाजूला घ्यायचं. ऐकताना उपदेश करायचा नाही. 'कुणालाच सांगणार नाही' असा शब्द द्यायचा नाही, कारण कधीकधी सांगावंच लागतं. एवढं तरी प्रत्येकाला यायलाच हवं. (निवडणुकीच्या कामांतून यासाठी वेळ काढणं कठीण, हे मान्य.)

माझा कौल दुसऱ्याला. आजाराचं निदान मात्र शिक्षकाने करायचं नाही; त्यासाठी समुपदेशक आहेत, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक.