क्रेस्टेड मॅमिलेरिया: उन्हाळा, पावसाळा आणि थंडी पाहिल्यानंतर

मॅमिलेरिया इलाँगाटा या निवडुंगाचा क्रेस्टेड (तुऱ्यासारखा पसरणारा) प्रकार, म्हणजे नर्सरीत ‘ब्रेन कॅक्टस’ नावाने मिळतो तो, पुण्यातल्या आमच्या पूर्वेकडच्या बाल्कनीत तिन्ही ऋतू काढून बसलाय. मला तो फार आवडतो. पण ज्यांच्याकडे पावसात आडोसा नाही त्यांनी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा मूळचा मध्य मेक्सिकोतला. साधा असतो तेव्हा बोटाएवढ्या जाडीच्या कांड्यांचा झुबका करतो. कांडीच्या टोकाला वाढीचा एक बिंदू असतो. तो पसरून त्याची रेघ झाली की कांडी उंच जायची थांबते, आडवी पसरत जाते आणि जागा पुरेनाशी झाली की वळ्या पडतात. आपल्या कोंबड्याच्या फुलाच्या तुऱ्यातही हेच घडलेलं असतं. बियांतून हा गुण उतरेलच असं नाही, त्यामुळे रोपं तुकडे लावून किंवा कलम करून वाढवतात.

मी मुद्दाम स्वतःच्या मुळांवरचं रोप घेतलं. ड्रॅगन फ्रूटच्या तीनधारी दांड्यावरचं कलम भराभर वाढतं खरं, पण काही वर्षांनी तो दांडाच थकतो. माझा अगदी सावकाश वाढतोय, पण वळ्या घट्ट आणि सुंदर आहेत.

खरी परीक्षा जुलै-ऑगस्टची. काटे मऊ, हाताला टोचतसुद्धा नाहीत, पण वळ्यांच्या खाचांत थेंब अडकतो आणि त्या दमट हवेत लवकर वाळत नाही. कूज तिथूनच सुरू होते. म्हणून वरून पाणी कधीच नाही. कुंडी मातीची, उथळ, खाली मोठं भोक. मिश्रणात निम्म्याहून जास्त परलाइट (हलके पांढरे खडे), विटांचा चुरा आणि जाड वाळू. कोकोपीट अगदी थोडं, कारण ते ओल धरून ठेवतं. लाकडी काडी तळापर्यंत खुपसायची, पूर्ण कोरडी निघाली तरच कडेकडेने पाणी. पावसाच्या रिपरिपीत कित्येक दिवस पाणी द्यावंच लागलं नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी शेडनेट हवीच, कारण उन्हाने पडलेला डाग कायमचा राहतो.

पाऊस सरला आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाढीच्या कडेवर फिकट, कोवळ्या काट्यांची नवी ओळ दिसू लागली. एवढ्या संथ झाडात ती ओळ बघायला रोज सकाळी बाल्कनीत जावंसं वाटतं!

पिठ्या ढेकूण हा याचा मोठा शत्रू, कारण लपायला खाचा तयारच असतात. भिंग घेऊन बघते. पांढरा कापूस दिसला की इअरबडला रबिंग अल्कोहोल लावून संध्याकाळी पुसते आणि झाड उन्हापासून लांब ठेवते.

मधूनच एखादी साधी, सरळ कांडी फुटते. ती लगेच बुडापासून कापायची, कारण ती जोमाने वाढून तुऱ्याला मागे टाकते. कापलेली कांडी वाळवून लावली तर त्यातून साधा मॅमिलेरिया होतो, तोही देखणाच.

विकत घेताना बुडाशी तपकिरी भाग दिसला तर बोटाने दाबून बघा. कडक असेल तर ती वयाची साल आहे, खुशाल घ्या. मऊ लागला तर रोप कितीही स्वस्त असलं तरी तिथेच ठेवा.