शिवभोजन थाळी : दहा रुपयांत काय मिळते, काय मिळत नाही

सिंधुदुर्गातील एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्थानकाला लागून असलेल्या शिवभोजन केंद्रात गेल्या जुलैमध्ये मी सलग चार दिवस दुपारी जेवलो. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या या योजनेत ग्राहकाने दहा रुपये द्यायचे असतात. ग्रामीण भागासाठी थाळीचा दर ३५ रुपये धरलेला असून उरलेले २५ रुपये शासन भरते. ताटात काय वाढायचे हेही वजनानिशी ठरलेले आहे : प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅमची भाताची एक मूद.

चव अपेक्षेपेक्षा बरी होती. वरण दाट आणि चारही दिवस गरम होते. भाजी दोनदा दुधीची आणि पाणचट निघाली, पण काळ्या वाटाण्याची उसळ झाली त्या दिवशी मी वाटी पुसून खाल्ली. चपात्या मात्र वातड होत्या, आणि उकड्या तांदळाची सवय असलेल्या माणसाला हा सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा भात तासाभरात पोटातून नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

या ताटात माझ्या अंदाजाने साडेपाचशे ते सहाशे उष्मांक असावेत. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये दारिद्र्यरेषा आखताना माणशी रोजचे २२५० उष्मांक धरले होते, तर १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० धरले. म्हणजे ही थाळी दिवसाच्या गरजेचा साधारण चौथा हिस्सा भागवते. जगण्यासाठी लागणारे किमान अन्नवस्त्र मिळते की नाही, एवढेच पाहणाऱ्या या मोजणीला निरपेक्ष दारिद्र्य म्हणतात. शेजारी बंगला आहे की झोपडी, याने तिच्यात काही फरक पडत नाही. त्या हिशेबाने दहा रुपयांत एवढे देणारे दुसरे दुकान मला तरी ठाऊक नाही.

माझ्या समोर बसणारे सत्तरीचे एक आजोबा रोज ताट स्वच्छ करून उठत. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "जेवान बरा आसा, पण निस्त्याक नाय तर जेवल्यासारख्या वाटना नाय." निस्त्याक म्हणजे मासळी. त्यांची तक्रार चोचल्याची नव्हती. किनाऱ्यावर ताटात मासा असणे ही रीत आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळातही बहुतेक घरी उन्हाळ्यात भरून ठेवलेले सुके बांगडे नाहीतर सुकट तरी असते. ते भरून ठेवायलाही एप्रिल-मेमध्ये हातात पैसा लागतो. ज्या समाजात आपण राहतो तिथे सर्वसाधारण समजले जाणारे खाणे, राहणे आणि येणेजाणे परवडत नाही तो गरीब, अशी मांडणी समाजशास्त्रज्ञ पीटर टाऊनसेंड यांनी १९७९ मध्ये ब्रिटनविषयी केली, आणि युरोपीय संघ आज मध्यक उत्पन्नाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या क्रमाने अगदी मधोमध येणाऱ्या माणसाच्या उत्पन्नाच्या, ६० टक्क्यांखाली असलेल्यांना दारिद्र्याच्या जोखमीत मोजतो, ते याच सापेक्ष अर्थाने. ही रेषा समाजाबरोबर सरकते, त्यामुळे पोटभर जेवलेला माणूसही तिच्याखाली राहू शकतो.

या दुसऱ्या मोजणीत केंद्र कमी पडते, आणि तो दोष स्वयंपाकाचा नाही. कुपनासोबत मोबाइलवर ग्राहकाचे नाव आणि फोटो घेतला जातो. खोट्या थाळ्या दाखवल्या जाऊ नयेत म्हणून ही सोय असावी आणि ती मला पटते. पण रांगेतल्या एक काकी फोटोच्या वेळी आधी दाराकडे पाहून घेत आणि मग पदर सारखा करत, तेही मी चारही दिवस पाहिले. लोकांत लाज न वाटता वावरायला लिननचा सदरा लागतो, असे अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्ये लिहिले होते. सदऱ्याच्या जागी इथे काय ठेवायचे, हे त्या काकींना विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

व्यवस्थेबद्दल थोडेसे. बाके पुसलेली असतात, पाणी गाळलेले मिळते, वाढणाऱ्या ताई आवाज चढवत नाहीत. दुसऱ्यांदा भात मागितला तर नियम सांगितला जातो, तोही नरमाईने. दिवसाच्या थाळ्यांची संख्या ठरलेली असल्याने एकच्या सुमारास रांग तुटते; जायचे असेल तर साडेबाराच्या आत पोहोचावे आणि उसळीचा दिवस आदल्या दिवशीच विचारून घ्यावा.