काईटवरचं जीटीटी ओसीओ: नोकरी सांभाळून ट्रेडिंग करणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आपल्यासारख्या नोकरीवाल्याला सव्वानऊ ते साडेतीन स्क्रीनसमोर बसणं काही जमत नाही आणि साधी स्टॉपलॉस ऑर्डर (भाव ठरावीक पातळीखाली गेला की शेअर विकून तोटा थांबवणारी) लावली तर ती त्या दिवसापुरतीच, बाजार बंद झाला की रद्द, उद्या सकाळी परत लावा. झिरोधा ब्रोकरच्या काईट ॲपवर जीटीटी (गुड टिल ट्रिगर्ड, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप ऑर्डर पाठवणारी सोय) आहे त्यामुळे ही कटकट संपते, एकदा लावलं की वर्षभर राहतं आणि लावायचे वेगळे पैसे पण नाहीत. त्यातला ओसीओ (वन कॅन्सल्स द अदर) प्रकार तर एकदम भारी, खाली स्टॉपलॉस वर टार्गेट, एक लागला की दुसरा आपोआप रद्द.

लावायला सोपं आहे, होल्डिंगमधल्या शेअरवर टॅप करा, जीटीटी निवडा, टक्के टाका, झालं. पण या टक्क्यांनीच लोक फसतात. सरसकट 5 टक्के स्टॉपलॉस लावायचा म्हणजे चपळ शेअरमध्ये दोन दिवसांत बाहेर आणि मग तोच शेअर वर जाताना बघत बसायचं. मी चार्टवर 14 दिवसांचा एटीआर (ॲव्हरेज ट्रू रेंज, म्हणजे शेअर दिवसाला सरासरी किती रुपये हलतो) बघतो. समजा 500 ला घेतला आणि एटीआर 12 आहे तर दुप्पट म्हणजे 24 रुपये खाली, 476 ला स्टॉप, आणि रिस्क-रिवॉर्ड 1:2 धरला, म्हणजे 24 च्या रिस्कवर 48 चा फायदा, तर टार्गेट 548. अलीकडचा स्विंग लो (भाव जिथून खाली जाऊन परत वर वळला तो तळ) 476 च्या जरा खाली असेल तर स्टॉप त्याच्याही खाली न्यायचा आणि शेअर कमी घ्यायचे. क्वांटिटी नेहमी शेवटी ठरवायची, 2 लाख कॅपिटलवर 1 टक्का रिस्क म्हणजे 2000, भागिले 24, म्हणजे 83 शेअर. बरेच जण उलटं करतात, आधी शेअर घेतात मग स्टॉप कुठे लावू विचारतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्रिगर लागला, म्हणजे शेअर ठरवलेल्या भावाला पोहोचला, की लिमिट ऑर्डर (लिहिलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच होणारी) जाते, म्हणून तिथे भावाचे दोन रकाने असतात, ट्रिगर वेगळा आणि ऑर्डरचा भाव वेगळा. दोन्हीकडे 476 टाकलंत आणि शेअर सकाळी 465 ला उघडला तर ट्रिगर लागणार, पण 476 ला घेणारा कोण? ऑर्डर दिवसभर लटकणार, संध्याकाळी रद्द, जीटीटी पण वापरून झालं आणि शेअर अजून गळ्यात. एचडीएफसी बँक आठवतेय ना, 16 जानेवारी 2024 ला बाजार बंद झाल्यावर निकाल आले आणि 17 ला उघडताच गॅप डाऊन, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा एकदम खालच्या भावाला सुरुवात, दिवसअखेर 8 टक्क्यांच्या वर घसरण. त्यामुळे स्टॉपचा ऑर्डर भाव खाली ठेवायचा, इथे 455 वगैरे. घाबरू नका, 455 लिहिलं म्हणून 455 ला विकला जात नाही, त्या क्षणी 465 ला घेणारे असतील तर तोच भाव मिळतो. फार खाली पण नको, त्या दिवसाच्या प्राइस बँडच्या (एक्सचेंजने ठरवलेल्या भावाच्या मर्यादेच्या) बाहेर गेला तर ऑर्डर रिजेक्ट. आणि शेअर लोअर सर्किटला, म्हणजे त्या मर्यादेच्या तळाला अडकला, समोर खरेदीदारच नसेल, तर कुठलंच फीचर वाचवत नाही.

डीडीपीआय (विकलेले शेअर डिमॅटमधून काढायची ब्रोकरला एकदाच दिलेली परवानगी) करून घ्या हे मात्र आवर्जून सांगतो. ते नसेल तर ट्रिगर लागलेल्या दिवशी टीपिन (डिमॅटचा पिन) टाकून विक्री ऑथराइज करावी लागते, आणि तुम्ही मीटिंगमध्ये असाल तर मग जीटीटी लावून उपयोग काय?

ट्रेलिंगचं, म्हणजे भाव वाढेल तसा स्टॉप वर नेण्याचं काम मी हातानेच करतो, रविवारी चहा पिता पिता स्टॉप वर सरकवायचे, खाली कधीच नाही. बोनस किंवा स्प्लिट जाहीर झाला असेल तर एक्स डेटला (ज्या दिवशी भाव त्यानुसार बदलतो) जुने लेव्हल निरुपयोगी होतात, नवे लावायचे.

पाचपैकी चार स्टार. इंट्राडेवाल्यांनी (त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांनी) याच्या नादी लागू नये, हे डिलिव्हरीसाठी, म्हणजे शेअर घेऊन ठेवणाऱ्यांसाठी आहे.