ल्युपस आणि सोलापूरचं ऊन: सनस्क्रीन की सनकोट?

ल्युपसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजारात, ऊन लागलं की नुसतं काळवंडणं नसतं, गालावर लाल चट्टे येतात, कधी सांधे आणि थकवा पण उसळतो. त्यात सोलापूरचा मे महिना, पारा 42-43 ला टेकलेला!

सनस्क्रीन घ्यायचं तर एसपीएफ 50 आणि उन्हातले यूव्हीए-यूव्हीबी हे दोन्ही अतिनील (यूव्ही) किरण अडवणारं, चेहरा-मानेला दोन बोटं भरून, वर दर दोन तासांनी परत लावायचं. नव्या पेठेत खरेदीला गेलं की ते घामाबरोबर डोळ्यात उतरतं आणि जी आग होते, काय सांगू. आणि ट्यूब बघता बघता संपते.

सनकोट एकदा चढवला की विषय संपला. फक्त तो पांढरा, पातळ कॉटनचा नको, उजेडासमोर धरून बघा, आरपार दिसत असेल तर यूव्ही पण आत येतंय. घट्ट विणीचा, गडद रंगाचा घ्या. उकडतं, हे खरंय.

माझं मत विचाराल तर आधी सनकोट, स्कार्फ, हातमोजे आणि जे उघडं राहतं, म्हणजे चेहरा, कान, त्याला सनस्क्रीन. गड्ड्याच्या जत्रेला जानेवारीत दुपारी जाताना पण. कारमध्ये बसलात तरी लावाच, बाजूच्या काचेतून यूव्हीए येतं.