बदलापूर: दोन पावसाळे राहिल्यावर

बदलापुरात जागा घ्यावी का, असं ऑफिसात कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: घरातले किती जण रोज मुंबईला जाणार? उत्तर 'एकटा मी' असेल तर पुढचं बोलणं होतं. नवरा-बायको दोघंही जाणार आणि घरात लहान मूल, असं असेल तर मी सरळ सांगतो, लहान जागा चालेल पण ठाण्याच्या अलीकडे बघा. बाकी सगळं बोलणं या एका प्रश्नानंतरचं.

आम्ही कुर्ल्याच्या वन-रूम-किचनमधून इथे पश्चिमेला टू-बीएचकेत आलो, भाड्याने. मी, बायको, आई आणि तिसरीतली मुलगी. भाडं जवळपास कुर्ल्याइतकंच, जागा दुपटीहून जास्त. आईला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. खिडकीतून चंदेरीचा डोंगर दिसतो, निदान समोरच्या प्लॉटवर टॉवर उभा राहीपर्यंत तरी दिसेल. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची वस्ती लाखाच्या आत होती, 2011 ला पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतर किती वाढली ते संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या रांगेत उभं राहिलं की कळतं.

आता लोकल. सीएसएमटीपासून अंतर सुमारे 68 किलोमीटर. वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास, पण घराच्या दारापासून ऑफिसच्या टेबलापर्यंत दोन-सव्वादोन तास धरा. माझं ऑफिस भायखळ्याला आहे, म्हणजे फास्ट मिळते, तरीही हा हिशोब. कुर्ला ते कल्याण सहा मार्गिका आहेत आणि कल्याणपुढे आमच्या वाट्याला दोनच. त्या दोनांवर आमच्या लोकल, कर्जत-खोपोलीच्या लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही. मागे कुठे काही अडकलं की कल्याण ते बदलापूर हा एवढासा तुकडा जिवावर येतो. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे, मधे चिखलोली स्टेशनही होणार आहे. एजंट मात्र ते झाल्यातच जमा करून भाव सांगतात.

'बदलापूरहून गाडी सुटते म्हणजे सकाळी बसायला मिळतं' हेही एजंटचंच वाक्य. अर्धं खरं आहे. अंबरनाथ-उल्हासनगरची बरीच मंडळी डाऊन गाडीने उलटी इथपर्यंत येतात आणि त्याच गाडीने बसून परत जातात. त्यामुळे गाडी फलाटाला लागते तेव्हा विंडो गेलेल्याच असतात. उरलेल्या जागांसाठी गाडी थांबायच्या आत उड्या पडतात, ते नव्या माणसाने पहिले काही दिवस फक्त बघावं. मला जागा मिळायला लागली ती डब्यातल्या ग्रुपमुळे. एक काका माझ्यासाठी तिघांच्या बाकावरची चौथी सीट धरतात. ग्रुपचा नियम असा की बदलापूरहून बसलेल्याने ठाण्याला उठायचं आणि डोंबिवलीपासून उभा असलेल्याला बसवायचं. कुठे लिहिलेलं नाही, पण न उठणाऱ्याचं नाव आठवडाभर डब्यात निघतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्यात पूजा, झेंडूच्या माळा, पेढे. या ग्रुपमध्ये इथल्या प्लंबरपासून मुलीच्या रिक्षाकाकांपर्यंत सगळ्यांचे नंबर मिळाले, ते कुठल्याही ॲपवर मिळाले नसते.

संध्याकाळ अवघड. दादरला बदलापूर लोकलमध्ये ठाणे, डोंबिवली, कल्याणवाले सगळे चढतात, आणि कल्याणपर्यंत आत श्वास घ्यायला जागा नसते. मी भायखळ्याहून आधी उलटा सीएसएमटीला जातो आणि तिथून बसून येतो. त्यात वेळ जातो, कमरेला मात्र बरं पडतं. एसी लोकलबद्दल घरातल्या घरातसुद्धा दोन मतं पडतील. पास परवडतो त्याला सुख आहे. पण तिच्यासाठी साधी गाडी काढली की मागची साधी गाडी दुप्पट भरते. ऑगस्ट 2022 मध्ये याच मुद्द्यावर बदलापूर स्टेशनात प्रवासी उतरले होते आणि नव्याने सुरू केलेल्या एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातले प्रवासी पडले, काही दगावले, त्या दिवसापासून 'आत आहे, दारात नाही' असा मेसेज टाकल्याशिवाय आईला चैन पडत नाही. दारात असलो तरी तोच मेसेज टाकतो.

ही झाली माझी बाजू. घरातल्या बाकी तिघींना विचाराल तर त्या पाचपैकी साडेचार तारे देतील. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून खाली जाते आणि दिवेलागणीला हाक मारल्यावरच वर येते. कुर्ल्यात तिला गॅलरीत खेळायला सांगावं लागायचं. बायको इथल्याच एका शाळेत शिकवते, स्कूटीवर दहा मिनिटांत पोचते. सोसायटीत गिरगाव, परळ, भांडुपहून आलेली आमच्यासारखीच कुटुंबं आहेत, त्यामुळे गणपतीत आरतीला माणसं कमी पडत नाहीत आणि कोणाकडे आजारपण आलं तर डबा आपोआप येतो. आपोआप चौकशाही येतात, तेवढं चालवून घ्यायचं.

आईचा खरा जीव बसला तो बाजारात. पहिला पाऊस पडला की आसपासच्या पाड्यांवरच्या आदिवासी बायका स्टेशनजवळ रस्त्याकडेला रानभाज्या घेऊन बसतात: शेवळं, टाकळा, कुर्डू, नंतर कंटोळी. शेवळांबरोबर काकडंही, म्हणजे आंबट रानफळं, मागून घ्यायची, नाहीतर भाजी घशाला खाजते. आईने एका बाईला काकडांचं विचारलं, तर ती म्हणाली, "शेवळं नेतेस नि काकडं सोडून जातेस व्हय, मावशे?" आणि मूठभर वर टाकली. मे-जूनमध्ये इथली जांभळं येतात. त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि भावही त्याच तोऱ्यात.

उन्हाळा मात्र लक्षात ठेवा. समुद्राची हवा इथवर येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, आणि नेमकी तेव्हाच दुपारी वीज जाते. वरच्या मजल्यावर पश्चिमेची भिंत असलेला फ्लॅट कितीही स्वस्त मिळाला तरी नको. पाण्याचं कोडं मला अजून उलगडलेलं नाही. बारवी धरण इतकं जवळ, त्याचं पाणी ठाणे आणि मिरा-भाईंदरपर्यंत जातं, आणि आमच्या सोसायटीत पाणी ठरलेल्या वेळेपुरतंच येतं. मे महिन्यात टँकर. सोसायटीचा मेंटेनन्स विचाराल तेव्हा टँकरचा खर्च त्यात धरलाय का, तेही विचारा.

पश्चिमेला घर बघत असाल तर उल्हास नदीचा विषय टाळू नका. 2005 चा पूर सगळ्यांना आठवतो, पण 27 जुलै 2019 चाही तेवढाच महत्त्वाचा. त्या दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. 'इकडे पाणी येत नाही हो', हे प्रत्येक साइटवर ऐकलं. मी शेवटी गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत विचारलं. गिरणीवाल्याने काही न बोलता भिंतीवर बोट ठेवलं, माझ्या छातीच्या उंचीला. आम्ही तीच गल्ली घेतली, पण तिसरा मजला, आणि स्कूटी पावसाळ्यात वरच्या रस्त्याला लावतो.

दवाखाने रोजच्या दुखण्याला पुरेसे आहेत. मोठं काही निघालं की कल्याण, डोंबिवली नाहीतर ठाणं, आणि रात्री-अपरात्री तो रस्ता लांब वाटतो. घरात हृदयाचा किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल तर याचा विचार जागेच्या आधी करा. शेअर रिक्षा सोयीची आहे. रस्ते आज काँक्रीटचे, उद्या कशासाठी तरी खोदलेले.

जागा बघायला रविवारी दुपारी येऊ नका, तेव्हा सगळंच छान दिसतं. मधल्या वारी ऑफिस सुटल्यावर दादरहून बदलापूर गाडी पकडा, उभ्याने या, स्टेशनबाहेर रिक्षासाठी थांबा आणि मग फ्लॅट बघा. तरीही आवडला तर घ्या.

आमचा भाडेकरार नुकताच पुन्हा झाला. विकत घ्यायचं बायकोने ठरवूनच टाकलंय. आईलाही इथेच राहायचंय. मी आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळावं म्हणून ऑफिसात अर्ज दिलाय. तो मंजूर झाला तर पूर्वेला बघायचं की पश्चिमेला, एवढाच वाद उरेल.